सोसायटीच्या सोलरला सबसिडी : फायदा इतरांचा, म्हणून पैसेही इतरांचे?

तुमचा मुद्दा असा की गच्चीवरच्या सोलरचा फायदा इतरांनाही होतो, म्हणून सबसिडी रास्तच. अर्थशास्त्रज्ञ पिगू १९२० पासून हेच सांगतोय, आणि ते चूक नाही. आमच्या नेरूळच्या सोसायटीने पॅनेल लावली, तर कोळसा कमी जळतो तो चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांत. धूर कमी झाला म्हणून तिथला माणूस आम्हाला पैसे थोडेच पाठवणार!

पण मी तेव्हा खजिनदार होतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल बघून आमच्या सर्वसाधारण सभेने २० किलोवॉटचा ठराव आधीच केला होता. गच्चीवरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची सूर्यघर योजना आली २०२४ मध्ये. सोसायट्यांना किलोवॉटमागे १८,००० रुपये, म्हणजे आमचे ३ लाख ६० हजार. घेतले, कोण सोडतो? पण त्या पैशाने एकही पॅनेल जास्त लागलं नाही. चंद्रपूरला जो फायदा व्हायचा, तो फुकटातही झाला असता. त्यामुळे इतरांना फायदा होतो का, एवढं विचारून भागत नाही. सबसिडी नसती तर काम अडलं असतं का, हे विचारा. ज्या जुन्या बिल्डिंगच्या सिंकिंग फंडात (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशात) खडखडाट आहे, तिथे अडतं. तिथे द्या की.

दुसरं, फायदा नक्की कुणाच्या खिशात जातो ते दिसत असेल, तर तिजोरीला हात कशाला लावायचा? मानखुर्दहून १९९२ मध्ये लोकल वाशीला आली, त्या मार्गाचा ६७ टक्के खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोने उचलला, रेल्वेने ३३. सिडकोला ते झेपलं, कारण स्टेशनाभोवतीची जमीन तिचीच होती. भाव चढले आणि प्लॉट विकून पैसा परत आला. (ती जमीन ज्या आगरी-कोळ्यांची होती, त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून १९८४ ला जासईत पोलिसांच्या गोळ्या खाव्या लागल्या. तो हिशेब कुठल्याच आलेखात दिसत नाही.)

ठाण्यात घोडबंदरला उलटं. मेट्रो सरकारी, जमीन खाजगी. मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या १ टक्का मेट्रो अधिभार आहे, पण तो भरतो नव्याने घर घेणारा. मेट्रोच्या नुसत्या बातमीवर ज्याच्या फ्लॅटचा भाव वाढला आणि जो विकतच नाही, त्याला काहीच लागत नाही.

तुमच्या सोसायटीपुरतं म्हणाल, तर अर्ज जरूर करा. फक्त सभेत ‘आपण पर्यावरणासाठी घेतोय’ म्हणू नका, आमच्याकडे लोक हसले होते.