ठाण्याच्या दमट हवेत पोटासाठी घरी आंबवलेलं काय करता येईल?

घरचं दही-ताक रोज घेत असाल तर निम्मं काम झालंच. इडलीचं पीठ आंबतं खरं, पण वाफवताना त्यातले जिवाणू मरतात. जिवंत जिवाणू हवे असतील तर गाजर-बीटाची कांजी, म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेलं पेय, करा. भाजी आणि पाणी मिळून १ किलो असेल तर २०-२५ ग्रॅम मीठ, वर मोहरीची पूड. तुकडे पाण्याखाली बुडालेलेच हवेत. वर तरंगणाऱ्या फोडीवरच आधी बुरशी धरते. आपल्याकडे मे महिन्यात दोन दिवसांतच बुडबुडे येतात, वास आंबूस होतो. चव जमली की लगेच फ्रिजमध्ये. केसाळ बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाका, नुसता वरचा थर नको. सुरुवातीला अर्धी वाटीच प्या. बीपी असेल तर मिठामुळे आधी डॉक्टरांना विचारा.