जिजाईचं म्हणणं ऐकणारे दिग्दर्शक

प्रश्न: मोठ्या दिग्दर्शकांचे जुने आणि नवे चित्रपट पाहायला नुकतीच सुरुवात केली आहे. तुम्हाला मनापासून आवडलेले कोणते, आणि ते का आवडले?

नावांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. तुमच्या प्रश्नातला 'का' मला जास्त मोलाचा वाटला, म्हणून आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगते.

शिवाजी पेठेत आमच्या घरी दोन म्हशी होत्या. आई संध्याकाळी त्यांना गंगावेशीच्या कट्ट्यावर घेऊन जायची. तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर सांगते, तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच हातात देतात. वडील भजनी मंडळात वीणा धरायचे, आषाढीला पायी पंढरपूरला जायचे. माणूस फार गोड. आम्हा पोरांवर कधी आवाज चढवला नाही. पण पेंडीचे पैसे, शाळेची फी, म्हैस आजारी पडली तर रात्रीचं जागरण, हे सगळं आईकडे.

मी सातवीत असताना दूरदर्शनवर 'संत तुकाराम' लागला. टीव्ही शेजारच्या घरी होता, तिथं गल्लीतली वीस-पंचवीस माणसं जमली. वडील हात जोडून पुढं बसले होते. सगळे तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांकडे बघत होते, आई मात्र तुकारामांच्या बायकोकडे, जिजाईकडे. पोर आजारी पडलंय आणि घरात देवाचं नाव सोडून दुसरं काही नाही, तेव्हा जिजाई पायताण हातात घेऊन देवळात शिरते आणि विठ्ठलालाच जाब विचारते. खोलीत हशा पिकला. आई हसली नाही. हळूच म्हणाली, "तिचं काय चुकलं?" वडिलांनी मागं वळून तिच्याकडे पाहिलं. त्या रात्री दोघं बराच वेळ अंगणात बोलत बसले होते. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या आठवड्यापासून सकाळची वैरण वडील टाकायला लागले.

हा चित्रपट 1936 चा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. 1937 च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे अभिमानानं सांगण्यासारखं आहेच. पण मला आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. संताची बायको कजाग असते, हे आपण किर्तनांतून ऐकत आलोय. तीच जिजाई दाखवली असती तरी लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला असता. दामले-फत्तेलालांनी तिला चूल दिली, पोरं दिली, जिच्यावर ती जीव टाकते ती म्हैस दिली, आणि गौरी या अभिनेत्रीच्या तोंडी असं बोलणं दिलं की ते कुठल्याही वाड्यात, कुठल्याही मळ्यात ऐकू यावं. तुकारामांची भक्ती खरी आहे आणि जिजाईची भूकही खरी आहे. कॅमेरा दोघांशीही सारख्याच मायेनं वागतो. शेवटी वैकुंठाला जायची वेळ येते तेव्हाही तिचा पाय घरातच राहतो, पोरांना जेवायला कोण घालणार? त्या प्रसंगी आमच्या खोलीत बायका रडत होत्या. त्या विमानासाठी रडत नव्हत्या, एवढं मला त्या वयातही कळलं.

तेव्हापासून कुठलाही चित्रपट पाहताना माझ्या मनात हेच येतं: नायकाच्या वाटेत जो उभा आहे, त्याचं म्हणणं दिग्दर्शकानं ऐकलंय का? ज्यांनी ऐकलं ते माझे दिग्दर्शक. तुम्ही हे माप मानावंच असं नाही, पण मला मनापासून आवडलेले सगळे चित्रपट याच वाटेनं माझ्यापर्यंत आले.

हे दामले आणि फत्तेलाल घडले आमच्या गावात, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्यांचा 1925 चा 'सावकारी पाश' मी पाहिलेला नाही, कुणालाच आता पाहता येत नाही, कारण तो मूकपट हाती उरलेला नाही. तरी त्याची गोष्ट वाचली की जीव कासावीस होतो. खोट्या कागदावर सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. पौराणिक कथांनी पडदा व्यापलेला असताना हा विषय! तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम होते. बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' 1953 मध्ये आला, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. बलराज साहनींना रिक्षा ओढताना पाहते तेव्हा मला दर वेळी तो हरवलेला शेतकरी आठवतो.

'सावकारी पाश'ची कथा नारायण हरी आपट्यांची. त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर शांतारामांनी 1937 मध्ये 'कुंकू' केला. त्यांची प्रभात फिल्म कंपनी तोवर कोल्हापुरातून पुण्याला गेली होती. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटेंची नीरा ठिणगीसारखी आहे, तिच्याविषयी खूप लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. मी मात्र तुम्हाला केशवराव दात्यांच्या काकासाहेबांकडे बघायला सांगेन. हा माणूस गुन्हेगार आहे, एका मुलीचं आयुष्य त्यानं नासवलंय. शांतारामांनी त्याला त्यातून सोडवलेलं नाही. पण आपण काय केलं हे त्याला हळूहळू उमगत जातं ते त्यांनी पूर्ण वेळ देऊन दाखवलं. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे आवाज असतील तेवढेच ऐकू येतात, त्यामुळे म्हाताऱ्याच्या घरातली शांतता प्रेक्षकाच्या अंगावर येते. आज दर वाक्यामागे व्हायोलिन वाजवणाऱ्या मालिका बघून डोकं दुखलं की मी 'कुंकू' लावते.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (1955) मी पहिल्यांदा शाहू स्मारक भवनात फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. बंगाली येत नाही, खालच्या ओळी धड वाचता येत नव्हत्या, तरी काही अडलं नाही. अपू आणि दुर्गा, काश गवताच्या रानापलीकडची आगगाडी, ते सगळ्यांना आठवतं. मला सर्वजया आठवते. नवरा पौरोहित्य करणारा, स्वप्नाळू, घरात दाणा नाही, आणि त्यात म्हातारी इंदिर ठाकरुण. सर्वजया तिच्याशी निष्ठुर वागते. म्हातारी पाणी मागते, तर स्वतः घे म्हणते. म्हातारी पाणी पिते आणि उरलेलं आपल्या रोपट्याला घालून निघून जाते. या प्रसंगात सर्वजयेचा राग यायला हवा. मला आला नाही, कारण त्याआधी रायांनी तिची रिकामी भांडी आणि शेजारणीचे टोमणे इतक्या शांतपणे दाखवलेले असतात की तिच्या कठोरपणाचा पैन् पैचा हिशेब आपल्यापाशी असतो. पुढं हरिहर परत येतो, दुर्गेसाठी आणलेली साडी पुढं करतो, आणि सर्वजयेचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. त्या दिवशी दसरा चौकातून घरी चालत येताना मी कुणाशी बोलले नाही. आईला फोन केला, तिलाही काही सांगता येईना. नुसतं जेवलीस का विचारलं.

आमच्याकडच्या माणसानं 'सामना' तर बघायलाच हवा. जब्बार पटेलांचा दिग्दर्शनातला पहिला चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची, 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. साखरपट्ट्यात वाढलेल्या कुणालाही निळू फुल्यांचा हिंदुराव ओळखीचा वाटेल. त्यानं सगळं उभं केलंय, कारखाना, रस्ते, माणसांची आयुष्यं, आणि हे मी केलं असं तो छाती ठोकून सांगतो तेव्हा ते खरंही असतं. श्रीराम लागूंचे मास्तर दारूत बुडालेले, हातात एक साधा प्रश्न घेऊन आलेले, मारुती कांबळेचं काय झालं? चित्रपट मास्तरांच्या बाजूचा आहे याविषयी शंका नाही. पण हिंदुरावाला इतकी जागा दिलीय की त्याचा मोठेपणा आणि त्याची भीती दोन्ही आपल्याला समजतात, आणि म्हणूनच तो धोकादायक वाटतो. नुसत्या मिशा पिळणाऱ्या पाटलाची भीती वाटत नाही.

इथं भालजी पेंढारकरांविषयी प्रामाणिकपणे सांगायला हवं. जयप्रभा स्टुडिओच्या आसपास वाढलेल्या कोल्हापूरकराला भालजी म्हणजे घरचे. 'साधी माणसं' (1965) माझ्या आईचा सर्वांत आवडता, भात्यापुढचं 'ऐरणीच्या देवा' लागलं की ती हातातलं काम थांबवायची. त्याचं संगीत आनंदघन या नावानं लता मंगेशकरांनी दिलेलं आहे. सूर्यकांत आणि जयश्री गडकर ऐरणीपाशी जे करतात ते अभिनय वाटत नाही, लोहाराचं घर वाटतं. पण त्यातला दुष्ट मला नुसताच दुष्ट वाटतो. तो तसा का झाला हे भालजींना सांगायचं नव्हतं. त्यांना कष्टाची प्रतिष्ठा सांगायची होती, आणि ती त्यांच्याइतकी मराठीत फार थोड्यांनी सांगितली. माझं माप इथं अपुरं पडतं, हे मला मान्य आहे.

आता नव्यांविषयी. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (2013) पाहिलात तर शेवटचा दगड विसरणार नाही, तो तुमच्याच दिशेनं येतो. पण किशोर कदमांचा कचरू विसरू नका. पोराला डुक्कर धरायला ओढत नेणारा बाप. जब्याला लाज वाटते, बापाला लाज परवडत नाही. राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागं धावणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, त्या वेळी कचरूच्या चेहऱ्याकडे बघा.

आणि मग चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014). खरं तर हे सगळं मी त्याच्यापर्यंत यायलाच लिहितेय. एका लोकशाहिरावर खटला भरलाय, त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली म्हणून. आरोप वाचूनच संताप येतो. सरकारी वकील बाई कायद्याची जुनी कलमं सपाट आवाजात वाचत जातात आणि एक माणूस तुरुंगात राहतो. दुसऱ्या कुणी हा चित्रपट केला असता तर या बाई न्यायालयाच्या दाराशीच संपल्या असत्या. ताम्हाणे त्यांच्याबरोबर घरी जातात. लोकलमध्ये शेजारणीशी साडीच्या आणि तेलाच्या गप्पा, पाळणाघरातून मुलाला घेणं, स्वयंपाक, सगळ्यांना वाढणं, मग जेवण. कॅमेरा लांब उभा, हलत नाही, काही सुचवत नाही. गीतांजली कुलकर्णींनी हे इतकं साधं केलंय की मला माझ्या सगळ्या नोकरदार मैत्रिणी दिसल्या. पुढं त्याच बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात आणि परप्रांतीयांवरच्या विनोदांवर हसतात, आणि आपण गप्प होतो. त्या वाईट बाई नाहीत. घरी दमून येतात आणि सकाळी जाऊन एका निरपराध माणसाचं आयुष्य थोडं थोडं संपवतात. दोन्ही एकाच हातांनी. जिजाईला न्याय मिळाला म्हणून मला आनंद झाला होता, इथं तीच नजर वापरल्यावर मला भीती वाटली. त्या दृष्टीनं ताम्हाणे दामले-फत्तेलालांच्या पुढं गेलेत, असं मी म्हणेन. 'कोर्ट'लाही व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले, 2014 मध्ये.

तुम्ही सुरुवात 'संत तुकाराम'पासून करा. तो इंटरनेटवर पूर्ण बघायला मिळतो. आवाज खरखरतो, पहिली दहा मिनिटं त्रास होईल, मग होणार नाही. अभंग पुढं ढकलू नका, त्यातच गोष्ट सरकत असते. नंतर लगेच 'कोर्ट' बघा, मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांतलं सगळं पुढं सवडीनं.

माझी मुलगी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत तिच्याबरोबर 'कोर्ट' पुन्हा पाहिला. आई आता थकलीय, नीट ऐकू येत नाही, तरी शेजारी बसली होती. सरकारी वकील बाई घरात सगळ्यांना वाढतात त्या ठिकाणी तिनं मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "हिला कोण वाढतंय गं?"