प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएचा मूल होण्या-न होण्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे, आणि सर्वांत स्पष्ट दिसतो तो पुरुषाच्या वृषणात. आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवलेली नक्कल. वृषणात 'पाय-आरएनए' नावाचे, प्रथिन न बनवणारे, जेमतेम 24 ते 31 रासायनिक अक्षरांचे आरएनएचे तुकडे असतात. 2006 मध्ये सस्तन प्राण्यांत त्यांचा शोध लागला.

आपल्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग 'उड्या मारणाऱ्या' जनुकांपासून आलेला आहे. त्यातले बहुतेक आता निष्क्रिय आहेत, पण जे जागे आहेत ते दुसऱ्याच जागी घुसले की तिथलं जनुक बिघडतं. शुक्राणू बनताना हे घडलं तर नुकसान पुढच्या पिढीत जातं. पाय-आरएनए 'पिवी' प्रथिनांना नेमकं लक्ष्य दाखवतात आणि ती प्रथिनं या उड्या मारणाऱ्या जनुकांचे आरएनए-संदेश कापून टाकतात. ही यंत्रणा बंद पाडलेल्या नर उंदरांत शुक्राणू अर्धवटच घडतात, ते वांझ राहतात. माद्यांना मात्र फारसं काही होत नाही. म्हणून ही फक्त नरांची गोष्ट वाटायची. पण 2021 मध्ये हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या माद्याही या यंत्रणेविना वांझ ठरल्या. एकट्या उंदरावरून माणसाचं अनुमान काढू नये ते यासाठीच.

माणसातही पुरावा आहे. पाय-आरएनएचं टोक छाटून नीट करणारं पीएनएलडीसी1 हे जनुक बिघडलेल्या काही पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते.

यावर औषध अजून नाही. तरी मूल होत नसेल तर पहिल्याच भेटीत नवऱ्याचीही वीर्यतपासणी कराच. बायकोलाच वर्षानुवर्षं दवाखान्याच्या खेपा घालायला लावणं अन्यायाचं आहे.