नव्याने टीम लीड झाल्यावर ‘बलस्थानांवर आधारित कोचिंग’चा खरंच उपयोग होतो का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: टीम लीड झाल्याझाल्या एचआरने तुमच्याकडून क्लिफ्टनस्ट्रेंथ्सची चाचणी करून घेतली, पहिली पाच बलस्थानं लिहिलेला रिपोर्ट हातात ठेवला आणि कोचिंगची सेशन्स लावून दिली. वर तुमचे बॉस म्हणाले, “आता कमतरतांचा विचार सोडून द्या.” तुम्हाला मात्र हा सगळा प्रकार राशिभविष्य वाचल्यासारखा वाटतोय.

नवीन मॅनेजरांना कोचिंग करणं हे माझं रोजचं काम आहे. कोचिंगचा उपयोग होतो असंच मी सांगेन. बॉसचं वाक्य मात्र अर्धंच घ्या.

आधी रिपोर्टबद्दल. यामागचा माणूस डोनाल्ड क्लिफ्टन, नेब्रास्का विद्यापीठात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवायचा. माणसाचं काय बिघडलंय हे सगळेच शोधतात, त्याचं काय चांगलं चाललंय याचा अभ्यास का करू नये, हा त्याचा प्रश्न. 1969 मध्ये त्याने माणसं निवडून देणारी कंपनी काढली, 1988 मध्ये त्या कंपनीने जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेली गॅलप विकत घेतली आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस ही चाचणी ऑनलाइन आली. विधानांच्या 177 जोड्या, प्रत्येकीला 20 सेकंद, आणि शेवटी 34 थीम्सचा, म्हणजे स्वभावातल्या कलांचा, क्रम. तुम्ही स्वतःबद्दल जे सांगितलंत तेच नीट रचून तुम्हाला परत मिळतं, त्यामुळे रिपोर्ट ‘अगदी माझ्यासारखा’ वाटला तर नवल नाही. त्यात तुमचं कौशल्य कोणी मोजलेलं नाही. ‘अचीव्हर’ (सतत काहीतरी पुरं करायची ओढ) ही थीम पहिल्या नंबरवर आली याचा अर्थ तुम्ही टीममध्ये सर्वांत जास्त काम उपसता असा नाही. तुमच्या स्वतःच्या 34 थीम्समध्ये ती वर आहे, एवढंच. आणि उरलेल्या 29 म्हणजे तुमच्या कमतरता नव्हेत. हे लोक हमखास विसरतात.

रिपोर्टमध्ये सहसा न सापडणारी एक गोष्ट मी पहिल्याच सेशनमध्ये विचारते: कोणतं काम तुम्हाला उत्तम जमतं, पण ते केल्यावर जीव नकोसा होतो? ॲलेक्स लिनली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आपल्या मॉडेलमध्ये अशा कामांचा वेगळा कप्पाच ठेवला आहे. ऑफिसात तो फार लवकर भरतो. एकदा एक्सेलमध्ये सुबक रिपोर्ट करून दिला की पुढची कित्येक वर्षं तेच गळ्यात पडतं. अप्रेझलमध्ये ते तुमचं बलस्थान म्हणून लिहिलं जातं आणि तुम्ही आतल्या आत नोकरी बदलायचा विचार करत असता. जमतं आणि आवडतं यांत हा फरक केला नाही, तर कोचिंग म्हणजे आणखी काम अंगावर घ्यायचा सुसंस्कृत मार्ग ठरतो.

आता खरा मुद्दा. ज्या गुणावर प्रमोशन मिळतं, तोच गुण प्रमोशननंतर आडवा येतो. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकी संस्थेत मॅकॉल आणि लोम्बार्डो यांनी 1983 मध्ये रुळावरून घसरलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा जो अभ्यास मांडला, त्यात ही गोष्ट ठळकपणे येते. माझ्यासमोर ती जवळपास दर महिन्याला बसलेली असते.

एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधल्या एक बाई नुकत्याच लीड झाल्या होत्या. नजर इतकी तीक्ष्ण की त्यांच्या हातून बग सुटायचा नाही. लीड झाल्यावर ज्युनियर्सच्या टेस्ट प्लॅनवरही तीच नजर फिरायला लागली. हळूहळू प्लॅन अर्धेकच्चे यायला लागले. त्यांचं म्हणणं, “हल्लीची मुलं मन लावून काम करत नाहीत.” मी त्यांना शेवटचा तपासलेला प्लॅन उघडायला सांगितला. पानं कॉमेंट्सनी भरलेली. आम्ही एकेक कॉमेंट घेतली आणि एवढंच विचारलं: हे दुरुस्त केलं नसतं तर रिलीजमध्ये काही फुटलं असतं का? सुरुवातीला त्या प्रत्येक कॉमेंटची बाजू घेत होत्या. मग त्यांचा वेग मंदावला. बहुतेक कॉमेंट्स वाक्यरचनेच्या, क्रमाच्या, ‘मी असं लिहिलं असतं’ या जातीच्या निघाल्या. मुलं मन लावत नव्हती ते बरोबरच होतं, कारण मॅडम शेवटी सगळं बदलणारच, हे त्यांना पाठ झालं होतं.

इथे जुन्या पद्धतीचं कोचिंग म्हणालं असतं, “मायक्रोमॅनेजमेंट कमी करा.” त्याने माणूस चार दिवस हात बांधून बसतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू होतो. आम्ही ती नजर कुठे वापरायची ते बदललं. क्लायंटबरोबर रिक्वायरमेंट ठरते त्या मीटिंगला त्या बसायला लागल्या. तिथे मोघम बोलणं चालतं आणि पुढचे निम्मे बग तिथेच जन्माला येतात. ज्युनियर्सच्या प्लॅनवर दुरुस्ती करायची नाही, फक्त प्रश्न लिहायचे, तेही मोजके. प्लॅन लगेच सुधारले नाहीत. एक रिलीज जरा धाकधुकीतच गेलं. पण मग मुलं प्रश्नांची उत्तरं घेऊन स्वतः यायला लागली.

याच बाईंना एक गोष्ट मुळीच जमत नव्हती: काम कमी पडतंय हे समोरच्याला तोंडावर सांगणं. इथे बलस्थानाची पळवाट नव्हती. तुमच्या बॉसच्या वाक्याशी माझं भांडण आहे ते इथे. काही कमतरता खुशाल दुसऱ्याकडे सोपवता येतात. स्लाइड्स दुसऱ्याने कराव्यात, वेळापत्रकाचा पाठपुरावा ज्याला त्यात गोडी आहे त्याने करावा. पण नावडती गोष्ट नीट सांगणं, ऐकून घेणं, दिलेला शब्द पाळणं ही कामं लीडला कोणाकडे देता येत नाहीत. ती उत्तम जमायची गरज नाही, पण टीमला इजा होणार नाही इतपत जमायलाच हवीत, आणि त्यासाठी सराव लागतो. आम्ही त्यांची पहिली दोन वाक्यं कागदावर लिहून काढली आणि मोठ्याने म्हणून पाहिली. विचित्र वाटतं, पण उपयोग होतो.

कौतुकाबद्दलही थोडं. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरलेली दिसली. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ यावर गेलं की फीडबॅकचा परिणाम कमी होतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते कौतुकालाही लागू पडतं. म्हणून टीममधल्या कोणाला “तू स्ट्रॅटेजिक आहेस” म्हणून सोडून देऊ नका. “कालच्या कॉलवर क्लायंट चिडला होता, तू विषय डेडलाइनवरून स्कोपवर कसा आणलास?” असं विचारा. सांगता सांगता त्यालाच आपली पद्धत सापडते. आणि “तो एक्झिक्युशनवाला नाही” अशी लेबलं मीटिंगमध्ये फिरू देऊ नका. चाचणी विकासासाठी आहे. कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं हे ठरवायला नाही.

चाचणीपेक्षाही मला भरवशाचा वाटतो तो मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेला एक सोपा उद्योग. ओळखीच्या दहा-वीस जणांना विचारायचं: मी माझ्या सर्वोत्तम रूपात कधी दिसलो? प्रसंगासह सांगा. कामातले, जुन्या नोकरीतले, घरचे, सगळे चालतात. “तू मेहनती आहेस” असं उत्तर आलं तर प्रसंग मागा. तिसऱ्या-चौथ्या उत्तरानंतर एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागते, आणि बहुधा ती तुम्ही गृहीतच धरलेली असते. ही उत्तरं घेऊन सेशनला जा. कोच तरीही तासभर रिपोर्टच वाचून दाखवत असेल, तर दुसरा कोच मागा. सेशनमधलं काय बॉसपर्यंत जाणार आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. बॉसलाही विचारा: सहा महिन्यांनी टीममध्ये काय बदललेलं दिसायला हवं? त्यांच्या उत्तरातून कोणती कमतरता बाजूला टाकता येणार नाही ते आपोआप कळेल.

रिपोर्ट टीमला दाखवू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. दाखवा, पण त्याच बैठकीत त्या बलस्थानाचा त्यांना काय त्रास होतो तेही विचारा. ‘अचीव्हर’ असाल तर प्रश्न सोपा आहे: “मी रात्री अकराला मेल टाकतो तेव्हा तुम्हाला काय वाटतं?” सगळ्यांसमोर कोणी बोलणार नाही. पुढच्या एखाद्या वन-ऑन-वनमध्ये कोणीतरी बोलेल. तेव्हा खुलासा करत बसू नका, लिहून घ्या.