समतेचं काम करायचंय? मग सुरुवात इथून कर

अमेरिकेत गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या (पोट-आतड्यांच्या आजारांच्या) फेलोशिपच्या पहिल्याच वर्षी तुला आरोग्यसेवेतल्या समतेच्या कामात उतरावंसं वाटतंय, वाचून फार बरं वाटलं. सध्या एवढंच सांभाळ.

१. एकच प्रश्न धर. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने कृष्णवर्णीय अमेरिकनांचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा जास्त होतात. २०२१ मध्ये तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आलं, पण तेवढ्याने माणूस कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याच्या) टेबलापर्यंत पोचत नाही. माझ्या एक पेशंट आजी दोनदा परत गेल्या. त्या स्पॅनिश बोलणाऱ्या, आणि पोट साफ करायच्या औषधाचा कागद इंग्रजीत. दुसऱ्या खेपेला तयारी नीट झाली, तर गुंगीनंतर घरी न्यायला कुणी नव्हतं. तेव्हापासून कोण आलं नाही आणि का, याची वही मी ठेवते. तूही महिनाभर ठेव.

२. प्रत्येक समितीला हो म्हणू नकोस. ही चूक मीही केली. विभागात आपल्यासारखी एकटीच असली की सगळी आमंत्रणं तिलाच येतात, बढतीच्या वेळी मात्र संशोधनाचे पेपर मोजतात. एक समिती, एक पेपर, बस.

३. मार्गदर्शक दोन हवेत: एक विषयातला, दुसरा तू नसलेल्या बैठकीत तुझं नाव काढणारा.

सवडीने लिओनिडास बेरी यांच्याबद्दल वाच. बायॉप्सी (तपासणीसाठी पेशींचा तुकडा) घेता येणारा गॅस्ट्रोस्कोप, म्हणजे जठर आतून पाहायची दुर्बीण, विकसित करणारे हे शिकागोचे कृष्णवर्णीय डॉक्टर रुग्णालयांतल्या वर्णभेदाविरुद्धही लढले.

संशोधनाच्या ग्रांटचं पुढच्या वर्षी बोलू. आधी स्कोपवर हात बसू दे.