सासूबाईंना पटवायला जाऊ नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र वाचून जीव कळवळला. त्यातली तीन पानं सासूबाईंना पटवण्यासाठी काढलेल्या मुद्द्यांची आहेत. ती बाजूला ठेव. पटवायला जाऊ नकोस. तू वाद घालत राहिलीस की मुलाला घरी शिकवायचं अजून ठरलेलं नाही, असाच त्यांचा समज होणार. तुमचं ठरलंय ना? मग तेवढंच सांगायचं, आणि ते तुझ्या नवऱ्याने. ज्याचे आईवडील, त्याने बोलावं. तू बोललीस तर ते सुनेचं खूळ ठरतं.

त्याआधी दोघांनी बसून कागदावर उतरवा: कायदा काय म्हणतो, परीक्षा कोणती आणि कितव्या वर्षी द्यायची, इतर मुलांबरोबर आठवड्यात किती वेळ जाणार, आणि जमत नसेल तर ते कशावरून ओळखायचं. कायदा देशागणिक बदलतो. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यातलं कलम ७ शाळेत किंवा अन्य मार्गाने शिकवण्याची मुभा देतं. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे.

शाळा सोडून पाच आठवडे झाले आणि लेक दिवसभर लोळतो, म्हणून तू घाबरलीस. अगं, हे व्हायचंच! घरी शिकवणाऱ्या पालकांचा ढोबळ हिशेब असा, की शाळेत काढलेल्या दर वर्षामागे महिनाभर मूल सैलावतं. तुझा तीन वर्षं होता, तर तीन महिने धर. घंटा आणि शेरे गेले की मूल आधी कंटाळतं, चिडतं, मग आपणहून कशाला तरी हात घालतं. नातेवाईक नेमके याच काळात बघायला येतात आणि दिसलं तेच धरून बसतात. सध्या भेटी दोन तासांच्या ठेव, मुक्काम नको. आणि घाबरून घरातच शाळेचं वेळापत्रक लावलंस, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"सात आठं किती?" हे जेवताना कुणीतरी विचारणारच. "आत्ता आठवत नाही, करून सांगतो," एवढं वाक्य त्याला आधीच शिकवून ठेव. त्याच्यादेखत त्याच्या शिक्षणावर वाद नको, एका वाक्याचाही नको. आपल्यावरून भांडण चाललंय हे मुलाला लगेच कळतं.

रोज वहीत तीन ओळी लिही. दहा मिनिटांच्या वर नको, नाहीतर पंधरवड्यात सुटेल. "मापनाचा अभ्यास" असलं काही लिहू नकोस. "१२० सेंमीच्या फळीचे तीन सारखे तुकडे करायचे होते, करवतीने खाल्लेलं लाकूड धरलं नाही, शेवटचा तुकडा ४ मिमी आखूड भरला," असं लिही. तीन महिन्यांनी त्यातलं एक पान आजी-आजोबांना द्या. तेही पटवायला नाही, कळावं म्हणून. अडलेलं लपवू नकोस. आठव्या वर्षीही अक्षरं जुळत नसतील तर "आमच्याकडे उशिरा येतं" म्हणत बसू नकोस, डोळे-कान तपासून घे आणि वाचनाची चाचणी करून घे. सासूबाईंनी ते आधी हेरलं असेल तर तसं त्यांना सांग.

मला हटवादी म्हणतील, म्हणू देत. पटवण्यात गेलेले तास मुलाच्या वाट्याचे असतात, हे मी सांगतच राहणार.

सासूबाईंना शिवण येतं असं लिहिलंयस. मग त्यांना खरं काम दे. आठवड्यातून एक तास, वार ठरलेला. पट्टीने माप घ्यायचं, कागदाचा नमुना कापायचा, शिलाईसाठी दीड सेंमी सोडून कापड बेतायचं. तू त्या खोलीत थांबू नकोस. त्या रागावल्या तरी मध्ये पडू नकोस. पहिली पिशवी वाकडी होईल. ती उसवायला कोण घेतं, त्या की तो, ते मला पुढच्या पत्रात कळव.