वाचक विचारतात : वॉटर्लूचा म्हातारा

प्रश्न : वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनविरुद्ध ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या मदतीला धावलेला प्रशियन (प्रशिया हे जर्मन राज्य) सेनापती ब्ल्यूखर खरंच सत्तरी ओलांडलेला होता का?

उत्तर : हो, ७२ वर्षांचा! (मला पन्नाशीतच जिना चढताना धाप लागते.) पण त्याची सुरुवात जास्त गमतीची. गडी आधी स्वीडनच्या घोडदळात. १७६० साली प्रशियनांनी पकडला आणि त्यांचाच झाला. बढती हुकल्यावर चिडून राजीनामा दिला, फ्रेडरिक राजाने खुशाल जाऊ दिलं. मग शेती. राजा वारल्यावर, १७८७ साली परत सैन्यात. १८०६ मध्ये ल्युबेकजवळ फ्रेंचांना शरण, १८१३ मध्ये लाइपझिगला विजय. १६ जून १८१५ला लिन्यीच्या लढाईत घोडा अंगावर कोसळला, शत्रूचं घोडदळ शेजारून दौडत गेलं. तिसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा खोगिरावर, चिखल तुडवत वॉटर्लूकडे!